फ्रेंच ब्रासरीत जेवायला बसताना: बिल, वेटर आणि कार्डाचं गणित

पॅरिस फिरून आलेल्या आपल्या लोकांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, तिथले वेटर उद्धट. दोन, खायला काही मिळत नाही. आणि नीट विचारलं की कळतं, दोन्ही तक्रारी कुठल्यातरी कोपऱ्यावरच्या ब्रासरीतनं आलेल्या आहेत, म्हणजे ती जागा जिथे बाहेर फुटपाथवर छोटी गोल टेबलं आणि वेताच्या खुर्च्या, आत भिंतभर आरसे, लांब काउंटर, आणि काळं वेस्टकोट अन् कमरेला लांब पांढरा एप्रन लावलेला एक माणूस जो तुमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. माझं म्हणणं असं की या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. या जागेत पैसे नक्की कशाचे घेतात आणि कशाचे घेत नाहीत, हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. तेवढं समजलं की वेटर का येत नाही, बिल का आणत नाही, दुपारी तीन वाजता शेजारचं हॉटेल बंद आणि हे चालू कसं, याचा उलगडा व्हायला लागतो.

तर पैशापासनंच सुरू करू.

समजा कार्डावर, म्हणजे मेनू कार्डावर, एका डिशसमोर २२ युरो लिहिलंय. तुम्ही देणार २२च. त्यावर काही चढत नाही. जेवणावरचा टॅक्स १० टक्के आहे पण तो आतच आहे, म्हणजे २२ मधले २ सरकारचे आणि २० मालकाचे (दारूवर टॅक्स २० टक्के, तोही आतच). सर्व्हिसचे पैसेही आतच, साधारण १५ टक्के धरलेले असतात, आणि १९८७ पासून नियमच आहे की दर्शनी लावलेला भाव सर्व्हिस धरूनच लावायचा. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात 'सेर्व्हिस काँप्री' असं लिहिलेलं असतं ते हेच. आपल्याकडे बिलाच्या शेवटी सर्व्हिस चार्ज दिसला की तो काढा म्हणून काउंटरवर हुज्जत घालावी लागते, तो प्रकार इथे उरतच नाही. शिवाय १९६७ च्या एका सरकारी आदेशानुसार जेवणाच्या भावात ब्रेड, साधं पाणी, मीठमिरी, नॅपकिन हे सगळं धरलेलं आहे. त्यामुळे ब्रेडची टोपली संपली की परत मागा, पैसे लागत नाहीत. पाणी मागताना मात्र 'ऊन काराफ दो' म्हणायचं, म्हणजे नळाचं पाणी जगमध्ये भरून येतं आणि ते फुकट असतं. नुसतं 'वॉटर' म्हणालात की वेटर विचारेल साधं की गॅसवालं, आणि त्या प्रश्नाला काहीही उत्तर दिलंत तरी येणार बाटली, आणि बाटलीचे पाच-सहा युरो सहज जातात. वेटरनं फसवलं असं लोक म्हणतात, पण त्यानं फसवलेलं नसतं, त्यानं फक्त तुम्हाला वाचवलेलं नसतं. २०२२ पासून फुकट पाणी मिळतं हे कार्डावर किंवा बोर्डावर लिहायचंही बंधन आलंय, बारीक अक्षरात का होईना असतं.

आता हे २० युरो जातात कुठे? हॉटेलवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की कच्चा माल पंचवीस-तीस टक्के, त्याच्याहून जास्त पगार आणि त्यावरचे सरकारी भरणे, मग भाडं, वीज, आणि उरलं तर नफा. म्हणजे तुमच्या ताटातला माल पाच-सहा युरोचा. बाकी तुम्ही जे विकत घेता ते टेबल आहे, त्या दुपारपुरतं किंवा त्या रात्रीपुरतं. हेच मुख्य कलम आहे आणि हेच आपल्या लक्षात येत नाही. एकदा मेन डिश मागवली की ते टेबल तुमचं, मग तुम्ही एक तास बसा नाहीतर तीन तास बसा, पेपर वाचा, भांडा, रडा. म्हणूनच वेटर बिल आणत नाही. न मागता बिल ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणणं, आणि ते तिथे फार वाईट दिसतं. आपण मात्र रिकाम्या ताटासमोर वीस मिनिटं ताटकळून चिडतो की हा बिल का देत नाही, आणि तो बिचारा समजत असतो की मी ह्यांना निवांत बसू देतोय. 'लादिस्यों, सिल व्हू प्ले', म्हणजे 'बिल, प्लीज', एवढं म्हणा, लगेच येईल. हवेत सही केल्यासारखा हात फिरवला तरी कळतं.

याला एक अपवाद आहे तो सांगून टाकतो, कारण हल्ली त्याची हवा आहे. बुइयों नावाची जेवणघरं. १८९६ पासून चालू असलेलं शार्तिए आणि २०१७ साली उघडलेलं बुइयों पिगाल ही त्यातली गाजलेली. तिथे भाव खूप कमी, बाहेर मोठी लाइन, अनोळखी माणसांबरोबर टेबल शेअर करायचं, आणि शार्तिएत तर वेटर टेबलावरच्या कागदी कव्हरवरच पेननं हिशोब लिहितो. तिथे टेबल तुमचं नसतं. तिथे भाव कमी ठेवायचा तर खुर्ची रात्रीतनं तीन-चार वेळा भरायला लागते, त्यामुळे जेवण भराभर येतं आणि रेंगाळलात तर नजरा लागतात.

बरं, वेटर. एक तर वेटरची टेबलं वाटून दिलेली असतात. अमुक ओळ याची, खिडकीकडची त्याची. तुम्ही समोरनं जाणाऱ्या कुठल्याही वेटरला हात केला आणि तो 'माझा सहकारी येईल' असं पुटपुटून निघून गेला तर त्यात अपमान नाही, तुमचं टेबल त्याच्या वाट्याचं नाही इतकंच. आत शिरल्यावर तुम्हाला ज्यानं बसवलं तो नाही, ज्यानं ऑर्डर घेतली तो तुमचा माणूस, त्याला लक्षात ठेवा. दुसरं, त्याचा पगार तुमच्या टिपवर चालत नाही. जुन्या मोठ्या ब्रासऱ्यांमध्ये वेटरला विक्रीवर टक्केवारी मिळायची पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, पण ती टक्केवारी भावातल्या त्या सर्व्हिसमधनंच येते. त्यामुळे अमेरिकेसारखं दर पाच मिनिटांनी 'सगळं ठीक ना?' असं विचारायला कुणी येत नाही. तिथे तो धंदा म्हणून हसतो, इथे हसला तर खरंच हसला. मला स्वतःला हे आवडतं, पण ज्यांना पटकन जिव्हाळा लागतो त्यांना पहिल्या दिवशी बोचणार हे मान्य.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, बोंजूर. आत शिरल्यावर, वेटर समोर आल्यावर, काहीही मागायच्या आधी बोंजूर म्हणायचं, संध्याकाळ असेल तर बोंस्वार. आपल्याकडे हॉटेलात शिरून थेट 'दोन चहा' म्हणण्यात काहीच वावगं नाही, वेटरला नमस्कार कोण घालतं, पण तिथे बोंजूर न म्हणता इंग्रजीत सुरुवात केली की तुम्ही त्याला माणूस म्हणून मोजलं नाही असा त्याचा समज होतो आणि मग पुढचा तासभर तुम्ही त्याची किंमत मोजता. 'गार्सों' अशी हाक जुन्या सिनेमात ऐकली असेल, ती मारू नका, तो 'पोऱ्या' म्हणून बोलावण्यातला प्रकार आहे. मस्यू म्हणा, मादाम म्हणा, किंवा नुसतं सिल व्हू प्ले.

ह्या लोकांना आपल्या कामाचा अभिमान आहे आणि तो जुना आहे. १९०७ साली पॅरिसच्या वेटरांनी संप केला होता, पगार आणि सुट्टीबरोबरच एक मागणी होती मिशा ठेवू द्या, कारण मालक वेटरांना मिशी ठेवू देत नसत. आणि १९१४ पासून पॅरिसात वेटरांची शर्यत होते, मध्ये बरीच वर्षं बंद पडली होती ती मार्च २०२४ मध्ये परत झाली, ट्रेवर कॉफी, पाण्याचा ग्लास आणि क्रोआसाँ घेऊन २ किलोमीटर जायचं, धावायचं नाही, फक्त चालायचं, आणि काही सांडायचं नाही.

आता ही जागा आली कुठून ते थोडं सांगायला हवं, कारण कार्डावर जे दिसतं त्याचं उत्तर त्यात आहे. ब्रासरी म्हणजे मूळची बिअरची जागा, आणि बिअर फ्रान्सच्या पूर्वेकडच्या, जर्मनीला चिकटलेल्या आल्सास प्रांतातली. तिकडचे लोक आधीपासून येत होते, लियोंमधली ब्रासरी जॉर्ज १८३६ ची आहे आणि काढणारा आल्सासचाच, पॅरिसात बास्तीयजवळचं बोफांजे १८६४ चं. पण लोंढा आला तो १८७०-७१ च्या युद्धानंतर. फ्रान्स हरला, आल्सास जर्मनीकडे गेला, आणि ज्यांना फ्रेंच राहायचं होतं त्यांना प्रांत सोडावा लागला. त्यातले बरेच पॅरिसात आले आणि येताना बिअर, शूक्रूत, सॉसेज, रीसलिंग वाइन घेऊन आले. शूक्रूत म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, वर डुकराचं खारवलेलं मांस, सॉसेज आणि बटाटे. आजही जुन्या ब्रासरीच्या कार्डावर ते असतं. १८८० साली लेओनार लिप नावाच्या अशाच एका आल्साशियन माणसानं साँ-जेर्मेन बुलवारवर आपली ब्रासरी काढली, ती अजून आहे.

दुसरी फळी आली ती फ्रान्सच्या मधल्या डोंगराळ, गरीब भागातनं, ओव्हेर्न्य आणि आव्हेरों इकडनं. हे लोक पॅरिसात आले ते पाण्याच्या बादल्या जिने चढून वाहायला, मग कोळसा आणि लाकूड विकायला लागले, मग कोळशाच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात बायको वाइनचे ग्लास भरायला लागली, आणि बघता बघता कोळसा गेला आणि दुकानाचं कॅफे झालं. गावाकडनं पुतण्याला बोलवायचं, वेटर म्हणून लावायचं, तो पैसे साठवून स्वतःची जागा घेणार, मग त्याचा पुतण्या. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांची गोष्ट ज्याला माहितीये त्याला हे वेगळं समजवायला नको. गल्लीतल्या, नाव नसलेल्या ब्रासऱ्या बऱ्याचशा ह्या लोकांनी चालवल्या. आणि वर सांगितलेली ती लिप, ती १९२० मध्ये घेतली आव्हेरोंच्या मार्सेलाँ काझनं, म्हणजे एकाच दुकानात दोन्ही फळ्या येऊन गेल्या.

ह्या इतिहासामुळेच ब्रासरी दिवसभर चालू राहते. फ्रान्समध्ये साध्या रेस्टॉरंटमध्ये किंवा बिस्त्रोमध्ये (छोटं, साधं जेवणघर) दुपारचं जेवण साधारण १२ ते २, रात्रीचं ७ नंतर, आणि मध्ये किचन बंद. आचारी दोन-तीनच असतात, ते दुपारचं उरकून घरी जातात आणि संध्याकाळी परत येतात. तीन वाजता दारात गेलात तर शेफ नाही म्हणून सांगतील आणि ते खरंच असतं. ब्रासरीचा माल वेगळा आहे. शूक्रूतचं भांडं मंद आचेवर दिवसभर राहू शकतं, कांद्याचं सूप तयार असतं फक्त वर ब्रेड-चीज घालून भट्टीत सरकवायचं, ऑयस्टर, म्हणजे कालवं, तर नुसते उघडायचे, शिजवायचंच नाही. त्यामुळे दोन शिफ्टची माणसं ठेवून सकाळी कॉफीपासून रात्री उशिरापर्यंत चालवता येतं. दारावर 'सेर्व्हिस काँतिन्यू' दिसलं की समजायचं इथे चार वाजताही जेवण मिळेल. विमानातनं उतरून भलत्या वेळी भूक लागलेल्या माणसाला ह्याच्यासारखी सोय नाही. (गल्लीतल्या लहान ब्रासऱ्यांत हल्ली मधल्या वेळेत फक्त सँडविच, सॅलड एवढंच मिळतं हेही आहे, विचारून घ्यावं.)

बसताना एक बघा. टेबलावर काटे-चमचे, ग्लास, नॅपकिन मांडलेलं असेल तर ते जेवणाऱ्यांचं. नुसतं उघडं टेबल असेल तर तिथे कॉफी-बिअर चालते. बारा वाजता मांडलेल्या टेबलावर बसून एक कॉफी मागवलीत तर उठवतील, कारण वर म्हटलं तसं ते टेबल विकायला काढलेलं आहे आणि तुम्ही त्याचे पैसे देत नाही आहात. आणि काउंटरला उभं राहून घेतलेली कॉफी स्वस्त, तीच बसून घेतली की जास्त, बाहेर टेरेसवर, म्हणजे फुटपाथवरच्या टेबलांवर, अजून जास्त. चोरी नाही, भावाचा तक्ता लावलेला असतो. आत सिगारेटला २००८ पासून बंदी आहे त्यामुळे सगळे ओढणारे बाहेर टेरेसवर जमतात, पोरंबाळं बरोबर असतील तर आतच बसा.

कार्ड हातात आलं की आधी कार्ड सोडून भिंतीवरची काळी पाटी बघा. त्यावर आजची डिश, प्ला द्यु जूर, आणि फॉर्म्युल लिहिलेलं असतं. फॉर्म्युल म्हणजे फिक्स भावात दोन वस्तू, स्टार्टर आणि मेन, किंवा मेन आणि गोड, तिन्ही हवं तर थोडे जास्त. बहुतेक फक्त दुपारी आणि सोमवार ते शुक्रवार, कारण ते ऑफिसवाल्यांसाठी आहे. फ्रान्समध्ये कंपन्या नोकरदारांना जेवणाची कुपनं देतात, पूर्वी कागदी, आता कार्ड, आणि गल्लीतली ब्रासरी दुपारी त्याच्यावर चालते. आपल्याकडे आयटीवाल्यांच्या खिशात जी सोडेक्सोची कुपनं असायची ना, ती कंपनी फ्रेंचच, १९६६ साली मार्सेयमध्ये सुरू झालेली. तर प्ला द्यु जूर स्वस्त का, कारण सकाळी एकाच मोठ्या पातेल्यात पन्नास जणांचं शिजवलेलं असतं, एकेकासाठी वेगळं काही करायचं नसतं आणि माल वाया जात नाही. माझ्या मते गल्लीतल्या ब्रासरीत खायची वस्तू हीच. लांबलचक प्लास्टिकच्या कार्डावर पिझ्झा, बर्गर, थाई करी, सुशी सगळं आहे तिथे आत फ्रीजरशिवाय फारसं काही नाही असं समजावं. २०१४ पासून एक अधिकृत खूण आली आहे, पातेलं आणि त्यावर घराचं छप्पर, ती ज्या डिशपुढे असेल ती तिथेच कच्च्या मालापासनं बनवलेली.

अमेरिकेत राहिलेल्या मंडळींसाठी, इथे आँत्रे म्हणजे स्टार्टर, मेन नव्हे. आणि आपल्या मंडळींसाठी, सूप बाय-टू वगैरे इथे चालत नाही. मधे ठेवून सगळ्यांनी थोडं थोडं ही पद्धत नाही, ज्याचं त्याचं ताट ज्याच्या त्याच्यासमोर, आणि एका टेबलाची मेन डिश सगळ्यांची एकदम येते, आधी कुणाची नंतर कुणाची असं नाही. चौघांत दोन डिश मागवल्या तर कपाळाला आठ्या पडणार, कारण खुर्च्या चार अडवल्यात आणि विकत दोनच घेतल्यात. काय खायचं ते ठरलं की कार्ड मिटून ठेवायचं. उघडं कार्ड हातात असेल तर वेटर समजतो अजून ठरतंय, आणि येत नाही. ह्या एका गोष्टीवरनं किती लोक अर्धा अर्धा तास उपाशी बसले असतील देव जाणे.

आता दुसरी तक्रार, खायला काही मिळत नाही. इथे थोडं सावकाश जाऊ.

बीफ न खाणाऱ्यांना अडचण अशी की कार्डावर बऱ्याचदा बीफ असं लिहिलेलंच नसतं. बाव्हेत, आँग्ले, आँत्रकोत, फो-फिले ही सगळी बीफच्या तुकड्यांची नावं आहेत आणि कार्डावर फक्त ती नावं येतात. तार्तार म्हणजे कच्चं बारीक चिरलेलं बीफ, वर बऱ्याचदा कच्चं अंड्याचं पिवळं, तो तसाच कच्चा खायचा असतो. आशी पार्माँतिए दिसायला मॅश केलेला बटाटा, खाली बीफचा खिमा. पोतोफ म्हणजे भाज्यांबरोबर उकडलेलं बीफ. ब्लाँकेत हा पांढऱ्या रश्श्यातल्या मांसाचा प्रकार, बहुतेक वेळा वासराचा. री द व्हो वाचून लोकांना वाटतं राइस असेल, ती वासराच्या गळ्यातली ग्रंथी आहे. आँदुयेत म्हणजे डुकराच्या आतड्यांचं सॉसेज, आणि त्याचा वास, असो, ज्याला आवडतो त्याला आवडतो. सुरक्षित काय तर पुले म्हणजे कोंबडी, कानार म्हणजे बदक, आन्यो म्हणजे कोकरू, आणि मासे. मांसाचा देश कार्डावर नाहीतर बोर्डावर लिहायचा नियम आहे, बीफसाठी २००२ पासून आणि कोंबडी, डुक्कर, मेंढी यांसाठी २०२२ पासून, तो बोर्ड वाचला तरी अर्धी माहिती मिळते.

मांस भाजण्याचे चार टप्पे असतात: ब्ल म्हणजे जवळजवळ कच्चं, सेन्याँ म्हणजे आत लाल, आ प्वाँ म्हणजे मधलं, बियाँ क्युई म्हणजे पूर्ण शिजलेलं. प्रत्येक टप्पा आपण समजतो त्याच्यापेक्षा एक पायरी कच्चा असतो. आ प्वाँ मागितलं तरी आत गुलाबी निघणार. लाल बघून पोटात ढवळत असेल तर सरळ बियाँ क्युई म्हणा, आचारी नाक मुरडेल, मुरडू दे.

शाकाहारी लोकांसाठी खरं सांगायचं तर ब्रासरी ही घरची जागा नाही. सगळ्यात मोठा सापळा कांद्याचं सूप, नाव कांद्याचं, वर चीज, पण खालचा रस्सा बहुतेकदा बीफच्या हाडांचा. सॅलडमध्ये लार्दों असतात, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे. निस्वाझ सॅलडमध्ये टूना, नाहीतर अँचोव्ही, नाहीतर दोन्ही. क्रोक मस्यू हे टोस्ट सँडविच, त्यात हॅम. चीज बऱ्याच वेळा वासराच्या पोटातलं रेनेट घालून जमवलेलं असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी चीजच टाळावं. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मासे चालतील असं काही वेटर गृहीत धरतात, म्हणून 'ज न माँज नी व्याँद नी प्वासों', मांस नाही आणि मासेही नाहीत, असं सरळ म्हणावं. मग उरतं काय? अंडं चालत असेल तर बरंच काही. ओफ मायोनेझ, म्हणजे उकडलेली अंडी आणि वर घरचं मायोनेझ, ऐकायला काहीच नाही पण चांगलं केलेलं असेल तर अप्रतिम, आणि या साध्या डिशच्या रक्षणासाठी फ्रान्समध्ये एक संघटना आहे जी तिची स्पर्धाही भरवते. ऑम्लेट आणि फ्राइज हे ब्रासरीतलं हमखास जेवण. लीक नावाची कांद्याच्या जातीची भाजी उकडून व्हिनेग्रेटमध्ये (तेल-व्हिनेगरचं सॉस), किसलेल्या सेलरीच्या कंदाचं सॅलड, बकरीच्या गरम चीजचं सॅलड (साँ लार्दों, म्हणजे लार्दों नको, हे सांगून). जैन जेवण मात्र इथे मागू नये, वेटरच्या नाही, आपल्याच डोक्याला त्रास.

ऑयस्टरबद्दल चार ओळी जास्तच लिहितो, कारण ब्रासरीचा थाट तोच आहे. मोठ्या ब्रासरीच्या बाहेर फुटपाथवर एक स्टॉल असतो, त्यावर बर्फ, समुद्री शेवाळ, टोपल्या, आणि एक माणूस हातात आखूड जाड सुरी घेऊन थंडीत उभा. तो एकाये. त्याचं काम शिंपले उघडणं, दिवसभर तेवढंच. ऑयस्टर सहा किंवा बाराच्या हिशोबानं मिळतात आणि त्यांना नंबर असतात, नंबर जितका लहान तितका ऑयस्टर मोठा, म्हणजे ५ नंबर सगळ्यात छोटा, ३ मधला. पहिल्यांदा खाणाऱ्यानं ४ किंवा ५ घ्यावा. बरोबर राय ब्रेड, लोणी, लिंबू, आणि व्हिनेगरमध्ये घातलेला बारीक चिरलेला छोटा कांदा येतो. ते जिवंत असतात. कोकणातल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, कारण कालवं त्याच्या ओळखीची असतात, ओहोटीला खडकावरनं फोडून काढलेली, पण ती कांदा-खोबऱ्यात मसाला घालून शिजवून भाकरीबरोबर खायची वस्तू, कच्ची गिळायची नव्हे. मी कोकणातलाच, आणि माझं प्रामाणिक मत असं की कालवांचं सुकं सरस आहे, पण ऑयस्टरला समुद्राच्या पाण्याची जी चव असते ती शिजवल्यावर जाते हेही खरं. ज्या महिन्याच्या फ्रेंच नावात र येतो, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, त्यात खावेत असं जुनं लोक म्हणतात. उन्हाळ्यात त्यांचा अंडी घालायचा काळ, तेव्हा ते आत दुधट होतात.

आणि आपल्या ओळखीचं काहीतरी हवंच असेल तर मोंपार्नासला ला कुपोल नावाची १९२७ सालची भलीमोठी ब्रासरी आहे, तिच्या कार्डावर तेव्हापासून 'इंडियन पद्धतीची' मटण करी आहे. पॅरिसच्या लोकांना तिचं कौतुक फार. कोल्हापूरच्या माणसानं अपेक्षा बेतानं ठेवाव्यात.

गोडाचं फार समजावण्यासारखं नाही, सगळंच चांगलं असतं. चीज असेल तर ते गोडाच्या आधी येतं. कॉफी गोडाबरोबर नाही, नंतर, आणि काफे म्हटलं की एस्प्रेसोच येतो, घोटभर. गोड बरोबरच हवं असेल तर काफे गुर्माँ मागवा, एस्प्रेसोच्या बाजूला तीन-चार गोडाचे छोटे छोटे नमुने येतात, आणि एकच निवडायचं संकट टळतं.

बिल मागितल्यावर टिपचं काय? सर्व्हिस आत आहे म्हटल्यावर देणं लागत नाही, पण जेवण आवडलं तर लोक टेबलावर सुटे एक-दोन युरो ठेवतात, मोठं जेवण असेल तर पाच टक्क्यांपर्यंत. हल्ली टुरिस्ट भागात कार्डाच्या मशीनवरच १०, १५, २० टक्के असे पर्याय यायला लागलेत आणि वेटर मशीन पुढे धरून उभा राहतो. नाही दाबायला अजिबात लाजू नका, तो पैसा तुम्ही एकदा दिलेला आहे. कधीकधी जेवण संपायच्या आधीच वेटर येऊन 'आता पैसे घेऊ का' विचारतो, तेव्हा त्याची शिफ्ट संपत असते आणि त्याला आपला हिशोब मिटवून जायचं असतं, तुम्हाला उठवायचं नसतं, पैसे द्या आणि बसून राहा. उरलेलं अन्न बांधून मागायला पूर्वी लोक संकोचायचे, पण जुलै २०२१ पासून मागणाऱ्याला डबा द्यायचं हॉटेलांवर बंधन आहे, त्यामुळे अर्धं राहिलेलं कोंबडीचं ताट निर्धास्त बांधून घ्या.

आणि जायच्या आधी बघून घ्या. मोठ्या प्रसिद्ध ब्रासऱ्या बहुतेक रोज उघड्या असतात, पण गल्लीतल्यांचं तसं नाही, ऑफिसच्या भागातल्या शनिवार-रविवारी बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये तर मालक दोन-तीन आठवडे शटर पाडून, दारावर कागद चिकटवून सुट्टीवर निघून जातो. फोन उचलला तर आधी बोंजूर म्हणा.